आधी दाराची कडी बसवा, मग क्रांतीचं बोलू

स्त्रीच्या लैंगिक स्वातंत्र्यावर भांडायला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. कपडे, लिव्ह-इन, डेटिंग ॲप, "हल्लीच्या मुली"... दोन्हीकडून तावातावाने लिहिलं जातं. त्या धुरळ्यात एक बाई कुणालाच दिसत नाही. लग्नाला दहा-बारा वर्षं झालेली, दोन पोरांची आई, पहाटे साडेपाचचा गजर लावून झोपणारी. तिला आता काय करायचंय असल्या स्वातंत्र्याचं, असं निम्म्यांचं मत. उरलेल्यांचं मत, लग्न झालंय म्हणजे मिळालंच असणार की!

माझं म्हणणं असं की विचार तिच्याकडे बक्कळ आहेत. घोडं पेंड खातंय ते बंदोबस्तात. दार नीट लागत नाही, वेळ उरत नाही, दुखतं ते सांगायची सोय नाही, आणि दिवस राहू नयेत म्हणून जे काही करायचं ते सगळं तिनेच करायचं.

दारापासूनच सुरू करते. बेडरूमच्या दाराला बिल्डरने दिलेली ॲल्युमिनियमची कडी असते. पहिल्या पावसाळ्यात दार फुगतं, बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन जरासं लोंबतं, आणि कडीचा दांडा चौकटीतल्या भोकापासून दोन-तीन मिलिमीटर सरकतो. तेवढंच पुरतं. मग दार उचलून, खांद्याने रेटून, दांडा ठोकून बसवावा लागतो. रात्री अकरा वाजता 'खट्ट' असा तो आवाज झाला की हॉलमध्ये सासऱ्यांचं खोकणं एकाएकी थांबतं. त्या शांततेत कसलं आलंय स्वातंत्र्य? म्हणून बहुतेक जोडपी कडीच लावत नाहीत. दार नुसतं लोटून ठेवतात, आणि बाईचा एक कान कायम दाराकडे. ज्या बाईचा कान दाराकडे आहे तिचं बाकीचं शरीर कुठे असणार, हे नवऱ्याला वर्षानुवर्षं उमगत नाही.

उपाय अर्ध्या तासाचा आहे. आधी बिजागरीचे स्क्रू आवळायचे. लाकडातली भोकं मोठी होऊन स्क्रू नुसतेच फिरत असतील तर त्यात काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून ठोकायच्या, वाळू द्यायच्या, मग स्क्रू मारायचे. दार वर आलं तरी दांडा भोकात जात नसेल तर चौकटीतलं भोक कानशीने थोडं वाढवायचं. दांड्याला मेण चोळायचं. पलंग कुरकुरत असेल तर त्याच्याही चारही कोपऱ्यांचे बोल्ट आवळायचे, लाकडाला लाकूड घासतं तिथे मेणबत्ती फिरवायची, आणि पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचा. हे काम सुट्टीच्या दिवशी भरदुपारी, सगळ्यांसमोर करावं. कुणी विचारलं तर "दार लागत नव्हतं" म्हणावं. ते खरंच आहे.

मूल मध्ये झोपत असेल तर त्याची गादी आधी पलंगाशेजारी खाली घालायची, मग भिंतीकडे, मग जमलं तर आजीच्या खोलीत. एका रात्रीत उचलून बाहेर टाकलं तर ते रात्रभर रडतं आणि आपण तीन महिने पुन्हा तो विषय काढत नाही.

आता वेळ. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात निघालं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. दोनशे दोन मिनिटांचा फरक. हे आकडे मी प्रणयाच्या गोष्टीत आणले म्हणून कुणी हसेल, पण ते तिथलेच आहेत. कामेच्छा दोन वाटांनी येते. एक आपसूक, काही कारण नसताना. दुसरी मागाहून, म्हणजे जवळीक सुरू झाल्यावर, स्पर्श हवासा वाटू लागल्यावर जागी होणारी. लग्नाला काही वर्षं झालेल्या कित्येक बायकांची दुसऱ्या वाटेने येते. हा आजार नाही, थंडपणाही नाही. फक्त त्या वाटेला वेळ लागतो आणि डोकं रिकामं लागतं. डोक्यात डब्याची भाजी, गॅसचं बुकिंग आणि पोराचा प्रोजेक्ट चालू असताना ती वाट सुरूच होत नाही. नवरा म्हणतो, "तुला इंटरेस्टच नसतो." अरे, ओटा पुसून कट्ट्यावरचं आवरून दे आणि मग बघ. हे मी उपहासाने म्हणत नाहीये. एकदम व्यवहाराचं बोलतेय. शिवाय काही औषधांनीही इच्छा मावळते, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तर नक्कीच. तसं वाटलं तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरला सांगायचं, तो बदलून देतो.

शरीराच्या भूगोलाबद्दल बोलायला आपल्याला दहावीच्या पुस्तकातला तो एक धडा मिळाला होता, आणि तोही बाईंनी "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता. त्यात गर्भाशय होतं, बीजांड होतं, नळ्या होत्या. शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस, बहुधा नव्हतीच. बाहेरून वाटाण्याएवढी दिसणारी ही गोष्ट आत दोन्ही बाजूंना पाय पसरून बसलेली आहे आणि सगळी मिळून नऊ-दहा सेंटिमीटरच्या घरात जाते. तिची नीट शरीररचना हेलन ओ'कॉनेल या ऑस्ट्रेलियन सर्जन बाईंनी मांडली ती १९९८ साली. माणूस चंद्रावर जाऊन आल्याला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती.

याचा संसाराशी संबंध असा. अमेरिकेत पन्नास हजारांवर लोकांना विचारलं तेव्हा शरीरसंबंधात नेहमी किंवा बहुतेक वेळा कामतृप्ती मिळते असं सांगणारे, बायकांबरोबर असणारे पुरुष निघाले ९५ टक्के. पुरुषांबरोबर असणाऱ्या बायका ६५ टक्के. आणि बायकांबरोबर असणाऱ्या बायका ८६ टक्के. म्हणजे बाईचं शरीर अवघड, गुंतागुंतीचं वगैरे आहे ही समजूत निकालात निघाली. यंत्र तेच आहे, चालवणारा बदलला की फरक पडतो. कारणही साधं आहे. योनीच्या आतल्या भागात संवेदना कमी असते, सगळी मजा दाराशी आणि दाराबाहेर. नुसत्या आत-बाहेरने बहुसंख्य बायकांना काही होत नाही. हात लागतो, वेळ लागतो, आणि "इथे, असंच, थांबू नकोस" हे चार शब्द लागतात. हे बोलायला लाज वाटत असेल तर त्याचा हात धरून जागेवर न्यावा. आणि उगाच झालं-झालं असं नाटक करू नये. नाटक बघून तो शिकतो की हीच पद्धत बरोबर आहे, आणि पुढची वीस वर्षं तोच प्रयोग लागतो.

दुखणं हा वेगळा मामला. "सहन कर, होईल सवय" हा आपल्याकडचा सर्वात जुना आणि सर्वात वाईट सल्ला. दुखलं की ओटीपोटाखालचे स्नायू आपोआप आवळतात, आवळले की जास्त दुखतं, आणि पुढच्या वेळी दुखायच्या आधीच आवळतात. सवय होते ती दुखण्याची. काही जणींत हे इतकं होतं की बोटसुद्धा आत जात नाही. त्यावर इलाज आहे, ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि लहानापासून मोठ्या मापापर्यंतचे डायलेटर. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन घटतं म्हणून कोरडेपणा येतो, पाळी जाताना पुन्हा तेच. तिथे मन लावण्याचा वगैरे काही संबंध नाही, सरळ वंगण हवं. मेडिकलमध्ये पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट मिळतं, वाटाण्याएवढं नाही, चांगलं चमचाभर घ्यायचं, सुकलं की परत. दुकानदाराने काळ्या पिशवीत घालून दिलं तर पिशवी ठेवून घ्यावी, कचऱ्याला होते. पाळी गेल्यावरही कोरडेपणा त्रास देत असेल तर आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, ते डॉक्टरला विचारून. आणि खोबरेल तेल! आपला रामबाण. निरोध वापरत नसाल तर हरकत नाही. वापरत असाल तर तेल, व्हॅसलीन, क्रीम काही चालत नाही, कारण तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं आणि फाटतं. केसांचं तेल केसांनाच.

निरोधावरूनच पुढे जाऊ. सरकारचा 'निरोध' आला १९६८ साली, तरी अजून तो पाकिटात, गाडीच्या डिकीत, नाही तर पत्र्याखालच्या कपाटावर ठेवतात. उन्हाने, घासल्याने तो जिरतो. तारीख बघायची, पाकीट दाबून आत हवा आहे ना ते बघायचं, कडेने हाताने फाडायचं, दाताने नाही. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि तळापर्यंत उलगडायचा. उलटा लागला तर तोच पलटून घ्यायचा नाही, टाकून नवा घ्यायचा, कारण टोकाला आधीच थोडं वीर्य लागलेलं असू शकतं. दोन एकावर एक घातले की जास्त सुरक्षित असं समजणारे महाभाग आहेत. दोन रबरं एकमेकांवर घासून दोन्ही फाटतात. आणि झालं की लगेच, ताठरपणा आहे तोवर, बुडाशी धरून बाहेर यायचं. तसंच पडून घोरायला लागलं की तो आत राहतो. सगळं बरोबर केलं तर वर्षभरात शंभरातल्या दोघींना दिवस राहतात, आणि जसं लोक प्रत्यक्षात वापरतात तसं वापरलं तर तेराजणींना. मधल्या अकरा म्हणजे घोरणं.

काही घरांत भिंतीवरच्या एकाच कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि पाळीची तारीख दोन्ही असतं, आणि त्यावर "सेफ पिरियड" चालतो. चौदाव्या दिवशी बीज सुटतं हे पाठ. पण बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. पाळी २६ दिवसांची असेल तर बाराव्या दिवशी, ३५ ची असेल तर एकविसाव्या. त्यात शुक्राणू आत पाच दिवस जिवंत राहू शकतात. म्हणजे २६ दिवसांवालीला सातव्या दिवसापासून धोका. आणि पुढची पाळी नेमकी कधी येणार हे आधी कळलं असतं तर काय हवं होतं! ताप, जागरण, परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, कशानेही ती पुढे-मागे होते. दुधाचे खाडे मात्र बरोबर निघतात.

मग गडबड होते आणि धावतपळत ती एक गोळी येते. दीड मिलिग्रॅमची, संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. ती गर्भपात करत नाही; बीज सुटणं लांबवते. यातच मेख आहे. लांबलेलं बीज नंतर सुटतं, तेव्हा गोळी घेऊन "आता महिनाभर काळजी नाही" म्हणणाऱ्यांचा त्याच महिन्यात निकाल लागतो. पाळी आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर चाचणी करायची. दर महिन्याला ही गोळी लागत असेल तर तुम्हाला रोजची गोळी हवी आहे किंवा दुसरा नवरा. (गंमत केली. तूर्तास गोळी.)

रोजच्या गोळीचं पाकीट २८ चं. २१ पांढऱ्या कामाच्या, ७ तपकिरी लोहाच्या. एक विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात. दोन किंवा जास्त विसरल्या तर आठवल्याबरोबर एक घेऊन पुढे चालू ठेवायचं आणि सात दिवस निरोध. बीपी वाढलेलं, पस्तिशीनंतर सिगारेट, डोळ्यांसमोर काजवे चमकून उठणारी अर्धशिशी, अंगावर पाजणारी सहा महिन्यांच्या आतली बाळंतीण, यांनी ती घ्यायची नाही. हार्मोन नकोत त्यांना 'छाया'. लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही आपलीच गोळी: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. माझी एक सूचना आहे. गोळी बायकोने घ्यायची, पण गजर नवऱ्याच्या मोबाइलवर लावायचा. निदान एक कान तरी त्याचा.

तांबीबद्दल अजून अफवा आहेत की ती वर चढून काळजात जाते. ३८० ए प्रकारची दहा वर्षं चालते, ३७५ प्रकारची पाच वर्षं. पहिले तीन ते सहा महिने पाळीला जास्त जातं आणि पोटात दुखतं, हे आधी सांगितलेलं नसतं म्हणून बायका घाबरून काढायला जातात. दोरा नवऱ्याला टोचतो अशी तक्रार आली तर डॉक्टर तो कापून आखूड करतात. टोचलं त्याला, गेलीस तू दवाखान्यात, तेही ठीक.

एवढं सगळं वाचून दमलात ना? निरोध सोडला तर यातलं सगळं बाईच्या शरीरात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. छपाईची चूक नाही. त्याच पाहणीत ३५.१ टक्के पुरुष म्हणाले की गर्भनिरोधन हे बायकांचं काम. बाकीच्यांनी तसं म्हटलं नाही, नुसतं केलं.

बरं, आपण काही या विषयात कालपरवा आलेलो नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. वडील महर्षी, स्त्रीशिक्षणाचे कैवारी. मुलगा म्हणत होता की बाईलाही सुखाचा हक्क आहे. १९२७ पासून १९५३ ला जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यापायी अश्लीलतेचे खटले झेलले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. शंभर वर्षांनी आपण अजून मेडिकलवाल्याकडे "ते... ते द्या" म्हणतोय.

नकाराचंही तसंच. रखमाबाईंना १८८७ साली मुंबईत कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली, त्या डॉक्टर होऊन आल्या. तरी हिंदू विवाह कायद्याचं ९ वं कलम, नांदायला येण्याचा हुकूम मागण्याचं, अजून शाबूत आहे. भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या, बलात्काराच्या कलमातही अठरा वर्षांवरच्या बायकोचा अपवाद तसाच ठेवलाय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मात्र लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे, त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. आणि सह्यांचं लक्षात ठेवा. गर्भपातासाठी अठरा वर्षांवरच्या बाईची एकटीची संमती कायद्याला पुरते. नवऱ्याची सही हवी असं काउंटरवर सांगितलं तर तो त्या काउंटरचा नियम, कायद्याचा नव्हे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने २० ते २४ आठवड्यांच्या बाबतीत लग्न झालेली-न झालेली हा भेदही सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला. फक्त गोळ्या आणून घरच्या घरी गर्भपात करू नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटते आणि जिवावर बेतते. आधी सोनोग्राफी.

राहिली नसबंदी, पुरुषांची. आणीबाणीतल्या सक्तीनंतर पुरुषांनी तिच्याकडे जी पाठ फिरवली ती फिरवलीच. आताची बिनटाक्याची असते. जागा बधिर करून एक बारीकसं छिद्र, त्यातून दोन्ही नळ्या एकेक करून बाहेर काढून कापून बांधायच्या, दहा-पंधरा मिनिटं, त्याच दिवशी घरी. बाईचं म्हणजे पोट उघडा, नाही तर पोटात गॅस भरून दुर्बीण घाला. तरी घरात ठरतं काय, "तुझं सिझर आहेच, तेव्हाच उरकून टाकू." जणू कपाट उघडलंच आहे तर हेही ठेवून देऊ.

त्याच्या शंका ठरलेल्या असतात. मर्दानगी जाते का? अंडकोशातून हार्मोन रक्तात जातो, त्या नळीतून नाही. नळी कापल्याने त्याला काही होत नाही. वीर्य बंद होतं का? वीर्यात शुक्राणूंचा वाटा इतका कमी असतो की फरक दिसत नाही. जड कामं जमत नाहीत का? दोन दिवस आराम, लंगोट किंवा घट्ट चड्डी, आठवडाभर वजन उचलायचं नाही, सायकल नाही. सासूबाईंना सांगायचं का? काही गरज नाही, त्यांनीही आपल्याला सगळं सांगितलेलं नाही.

चूक होते ती इथे: ऑपरेशन झालं की लोक त्याच आठवड्यात निश्चिंत होतात. नळीच्या पुढच्या भागात आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, ते जायला तीन महिने लागतात. तोवर निरोध. तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून घ्यायची आणि रिपोर्टवर शून्य दिसेपर्यंत निरोध सोडायचा नाही. हा रिपोर्ट आणायला तो टाळाटाळ करतो, कारण नमुना द्यायची लाज वाटते. दोन बाळंतपणांत किती अनोळखी माणसांसमोर पाय फाकवून झोपलीस ते त्याला एकदा शांतपणे मोजून दाखव. ऑपरेशन शुक्रवारी घ्यावं म्हणजे शनिवार-रविवार आरामात जातो. तो आठवडाभर पाण्याची बादली त्याने उचलायची नाही, ती तू उचल. डाळ-तांदूळ त्याला बसल्या जागी निवडता येतात.